डिकीतला तांदूळ

नोव्हेंबर लागला की दत्तूभाऊ आपल्या गाडीच्या डिकीत वीस किलो तांदळाचं पोतं ठेवायचे, ते मार्च संपल्यावरच काढायचे. गाडी एवढीशी. पोतं आत गेलं की तिचा मागचा भाग खाली बसायचा आणि पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागायचे. समोरून येणारे ड्रायव्हर दिपून शिव्या घालायचे. भाऊंना वाटायचं, कुणीतरी ओळखीचं आहे. ते हात हलवायचे.

कार्डिफच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ते रक्त तपासायचे. वय पंचावन्न, लग्न केलेलं नाही, घरात एक टीव्ही आणि पाच फावडी. आमच्या मराठी मंडळात कुणाचीही गाडी बर्फात रुतली की पहिला फोन भाऊंना. ते यायचे, गाडीला एक प्रदक्षिणा घालायचे, चाकापाशी उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "बर्फाशी भांडायचं नसतं. त्याला बोलण्यात गुंतवायचं." दहा मिनिटांत गाडी बाहेर.

मग चहा आणि चहाबरोबर त्यांची तक्रार. फार पूर्वी ते डोंगरातल्या एका मराठी घरी जेवायला गेले होते आणि तिथे तीन दिवस अडकले. "आठ माणसं, दोन पलंग. पत्ते खेळून खेळून बदामच्या राजाची मिशी पुसली गेली. मसालेभात मीच केला, चार वेळा. सोडलंच नाही हो त्या बर्फानं." ही तक्रार आम्ही दर हिवाळ्यात ऐकायचो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही संक्रांत. कार्डिफच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका खेड्यात, एक तरुण मराठी डॉक्टर नवी नवरी घेऊन आला होता. मुग्धा तिचं नाव. लग्नानंतरची पहिली संक्रांत, आणि आसपास मेंढ्यांशिवाय कुणी नाही. फोनवर ती माझ्या बायकोला, विद्याला, म्हणाली, "काळी साडी आणली आहे, पण हलव्याचे दागिने कोण घालणार मला?" आणि रडली.

झालं. विद्यानं पंधरा दिवस मंद आचेवर थेंबथेंब पाक सोडत हलवा केला. वेल्सच्या दमट हवेत त्याला काटा येईना, म्हणून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांच्या जागी साखर नांदली आणि आम्ही ओल्या अंगानं हिंडलो. शेवटी हार, बांगड्या, नथ, मंगळसूत्र, सगळं तयार झालं. संक्रांतीच्या सकाळी बर्फ पडला. आम्ही भाऊंना बोलावलं.

मुग्धाच्या घराच्या अलीकडे मैलभर शेवटचा चढ. अरुंद रस्ता, दोन्हीकडे कुंपणं. गाडी थोडी चढली, थांबली, पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि आम्ही अदबीनं मागे घसरत पायथ्याशी आलो. तीनदा.

"चालत जाऊ या," मी म्हटलं.

"असल्या बर्फात डबा उघड्यावर नेला तर नवरीच्या अंगावर पाक ओतावा लागेल," मागून विद्या म्हणाली. तिनं डबा मांडीवर घट्ट धरला होता.

इतक्यात ट्रॅक्टरवरून एक शेतकरी आला. त्यानं दोर दाखवला. भाऊंनी काच खाली केली. "नो थँक यू, सर. वी आर नॉट स्टक. वी आर थिंकिंग."

तो गेला. मी कपाळाला हात लावला. "भाऊ, ही गाडी ओढतात पुढची चाकं. वजन पुढे हवं. तुम्ही पोतं मागे ठेवता. वर्षानुवर्षं उलटा कारभार चाललाय तुमचा."

"माहीत आहे," भाऊ शांतपणे म्हणाले. "तो तांदूळ गाडीसाठी नाही."

"मग कुणासाठी?"

"तू बॉनेटवर बस, शिरीष."

त्यांनी शेताच्या फाटकापाशी गाडी वळवली. आता तिचं तोंड खाली आणि पाठ चढाकडे. रिकामं गोणपाट चाकांखाली सरकवलं. "उलटी चढली की सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. पायलटसारखा बसू नकोस, पिठाच्या पोत्यासारखा बस. विद्या, डबा उचलून धर."

आणि गाडी निघाली. मागे, पण वर. भाऊ खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघताहेत, बर्फाची समजूत घालताहेत, "असं नाही रे, राजा, तिकडे नको," आणि मी बॉनेटवर वायपर धरून बसलोय. सारं वेल्स माझ्यापासून हळूहळू दूर चाललेलं. तो ट्रॅक्टरवाला परत येऊन फाटकाशी उभा होता. त्यानं टोपी काढली. मीही एक हात सोडून राजासारखा हलवला आणि पडता पडता वाचलो.

मुग्धा दारात उभी होती. पाहुण्यांची वरात पाठमोरी आलेली तिनं कधी पाहिली नसावी. विद्यानं डबा उघडला. एक तीळ हलला नव्हता. काळ्या साडीवर ते पांढरे दागिने चढले तेव्हा मुग्धा पुन्हा रडली आणि विद्या ओरडली, "रडू नकोस, हार विरघळेल."

बाहेर बर्फ वाढला होता. डॉक्टर म्हणाला, "आता कुठे जाता? राहा."

"तू म्हणतोस तर," भाऊ लगेच म्हणाले आणि डिकीकडे गेले. मी मदतीला गेलो. पोत्यामागे एक पिशवी होती. तिच्यात घडी घातलेला पायजमा, टूथब्रश, मसाल्याची पुडी आणि पत्त्यांचे दोन कोरे जोड.

"पाहुण्याचा भार पडू नये कुणावर," भाऊ पोतं उचलत म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता बघायला गेलो. कालच्या ट्रॅक्टरवाल्यानं तो डांबर दिसेपर्यंत साफ केला होता. माझ्या देखत पोस्टाची व्हॅन आली, पोस्टमन शीळ घालत टपाल देऊन गेला.

मी आत आलो. भाऊ टेबलापाशी पायजम्यात बसून पत्ते पिसत होते. हात थांबले.

"काय म्हणतो रस्ता?"

"काही खरं नाही, भाऊ. आजचा दिवस तरी जाईल."

"तरी मी सांगत होतो, बर्फाशी भांडायचं नसतं," भाऊ म्हणाले आणि पानं वाटायला लागले. "डाव झाला की मसालेभात टाकतो."

मुग्धाच्या हातात कालची हलव्याची एक बांगडी अजून होती. त्याच हातानं तिनं टेबलावरचं ताजं टपाल उचललं आणि हळूच टेबलक्लॉथखाली सारलं.