माझी पाठ आणि मेहुण्याची भिंत

ताठ उभं राहावं तर आमच्या घराण्यानं! आमचे आजोबा झोपेतसुद्धा ताठ असायचे. त्यामुळे मोहोपाड्याच्या कंपनीतल्या आरोग्य शिबिरात डॉक्टरीणबाई "तुम्ही पुढे वाकता" म्हणाल्या, तेव्हा मला रागच आला. घरी भिंतीला पाठ लावून बघा, म्हणाल्या. टाचा, बूड, खांदे, डोकं, सगळं सहज टेकलं की पास!

रविवारी हॉलच्या भिंतीला उभा राहिलो. टाचा टेकल्या. डोकं टेकेना! सोनाली, म्हणजे आमची ही, लाटणं घेऊनच बाहेर आली.

"अवो, डोस्क्यामागून आख्खं लाटणं जातंय!"

"काढ गं ते! केस ओढतायत!"

मग स्वयंपाकघरातली भिंत गाठली. तिथे डोकं झटक्यात टेकलं!

"बघ! मी सरळ हाय! तुझ्या भावानं बांदलेली हॉलची भिंत वाकडी हाय!"

झालं! तिनं तिथल्या तिथे भावाला पोशीरला फोन लावला. रूपेश, माझा मेहुणा, गवंडी आहे. आमचं घर हे त्यानं स्वतःच्या हिमतीवर बांधलेलं पहिलं घर. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते रस्त्यावरूनच दाखवतो.

बाइकवरून आला तो ओळंबा घेऊनच. सोनाली चहा टाकायला आत गेली. मी हाताची घडी घालून तयार! रूपेशनं स्टुलावर चढून हॉलच्या भिंतीवरून ओळंबा सोडला. दोरीचं लोखंडी वजन मोकळं लटकायचं सोडून भिंतीलाच टेकून बसलं. भिंत वरच्या बाजूला मागे गेली होती!

मी जिंकलो होतो. पण रूपेश त्या ओळंब्याकडे बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "पयलंच घर होतं वो माजं."

एवढा राबलेला पोरगा!

"काय झालं रं?" आतून आवाज आला.

"भिंत सरळ हाय गं! मीच वाकडा!" मी ओरडलो आणि पुराव्यादाखल चांगला कमरेत वाकलो.

"मी बोललेच हुते!" सोनालीनं भावाला पोह्यांची बशी भरून दिली. मला अर्धा कप चहा. "आता वरचा मजला पन रूपेशच बांदनार! ह्याच भिंतीवर!"

नाही कोणत्या तोंडानं म्हणू? भिंतीला सर्टिफिकेट मीच दिलेलं!

रूपेशनं डोळे पुसले, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि कानाशी येऊन म्हणाला, "घाबरू नका दाजी. खाली मागं गेलीय ना, वर जरा फुडं घेतो!"