साहेबांचा खडा

वीस वर्षे टिपणे लिहून लिहून मुख्य लेखनिकांची मान वाकली होती. ती ताठ होण्याचा योग एका फ्रेंच भोजनगृहात आला. अधीक्षकाची जागा रिकामी होती, आणि साहेबांनी त्यांस सपत्नीक जेवावयास बोलावले होते. घरून निघतानाच त्यांनी बायकोला बजावले, "काहीही वाढलं तरी छान म्हणायचं. आणि माझ्याकडे बघून खायचं."

"आणि तुम्ही कुणाकडे बघणार?"

लेखनिक घाईघाईने जोडे चढवू लागले.

शुभ्र हातमोजे ल्यालेल्या वेटरने यज्ञपात्र ठेवावे तशी एक प्रशस्त थाळी मेजावर ठेवली. तीत आठ करडे खडे वाफाळत होते. पैकी तीन म्हणजे करड्या लेपात घोळलेले बटाटे. उरलेले पाच शोभेसाठी आणलेले, नदीतले खरेखुरे खडे. वेटरने हे सारे सांगितलेही. परंतु कानमंत्र द्यावा इतक्या हळू. पुन्हा विचारावे तर अज्ञान प्रकट होणार!

लेखनिकांनी पुढाकार घेऊन एक खडा मुखी घातला. दाढेने तत्काळ साक्ष दिली.

"कसं लागतंय?" साहेबांनी विचारले.

"अप्रतिम! जरा घोळवावं लागतं, साहेब. चव हळूहळू उतरते."

हाताखालच्या माणसाहून रसिकतेत मागे राहणे साहेबांस कसे रुचावे? त्यांनीही एक उचलला. क्षणभर त्यांचे डोळे विस्फारले. मग ते म्हणाले, "खरंय. खोली आहे चवीला."

बायको काट्याने एकेक खडा दाबून पाहत होती. "अहो, दगड आहे तो!" ती कुजबुजली.

"गप्प बस गं!"

"हा बघा बटाटा. मीठ कमी आहे, पण बटाटाच." तिने तिन्ही बटाटे शांतपणे संपवले.

थाळी उचलावयास आलेला वेटर मात्र थबकला. "माफ करा, पाच खड्यांचे तीनच दिसतायत. शेफनी स्वतः निवडून आणलेत, रोज मोजून परत घेतात."

साहेबांचा डावा गाल फुगलेला होता आणि कपाळी घाम डवरला होता. आपला खडा बाहेर काढावा, तर दुसऱ्या खड्याचा शोध साहेबांच्या गालाशी पोहोचणार, हे लेखनिकांनी ओळखले. वीस वर्षांची सेवा कामी आली. जिभेने खडा गालात सारून ते म्हणाले, "दोन्ही मीच गिळले. मोह आवरला नाही."

वेटर दचकून म्हणाला, "डॉक्टरांना बोलावू?"

"काही नको," बायको म्हणाली, "सवय आहे त्यांना. ऑफिसात रोजच गिळतात."

साहेबांनी रुमालाने बराच वेळ तोंड पुसले. गाल पूर्ववत झाला.

तिसऱ्या दिवशी अधीक्षकपदाचे पत्र आले. आभार मानावयास ते साहेबांच्या दालनात गेले, तो कागदांवर वजन म्हणून तोच करडा खडा! शेजारी आणखी एक होता. जुना, हाताळून गुळगुळीत झालेला. त्यांची दृष्टी त्यावर खिळली.

साहेबांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "तो माझ्या बढतीचा. आधीच्या साहेबांनीही तिथंच नेलं होतं जेवायला."

नव्या अधीक्षकांनी खिसा चाचपला. त्यांचा खडा जागेवर होता. आता हाताखालच्या कुणाला जेवावयास न्यावे, ह्याचा विचार करीत ते बाहेर पडले.