कामचुकार एमसीबी

किर्गिझस्तानातल्या आमच्या नारिनमध्ये उणे अठ्ठावीस तापमान असताना आमच्या इमारतीचा मुख्य एमसीबी आठवड्यात सात वेळा पडला. घरसमितीने याची गंभीर दखल घेतली. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून इतिवृत्त माझ्याकडे असतं.

अध्यक्ष जुमाकादिर म्हणाले, "आठ घरांत आठ हीटर, एकही बिघडलेला नाही. तार माझ्या लग्नाआधीची, तिची कधी तक्रार नाही. मग दोष कुणाचा?"

"एमसीबीचा," सभा म्हणाली.

मी म्हटलं, "तो हीटरसाठी नसतो, तारेसाठी असतो. तिला झेपेना की पडतो."

"ते वर्गात, बाई. इथे लिहा, 'सेवेत वारंवार गैरहजर'."

मी लिहिलं.

चाळीस अँपिअरच्या त्या एमसीबीला बडतर्फ करून शंभराचा नेमण्यात आला. वीज जात नाही म्हटल्यावर घरोघरी दुसरा हीटर आला. मग शंभराचाही पडला. त्याच्या जागी तांब्याची जाड पट्टी बसवली. तिने एकदाही रजा घेतली नाही.

तळमजल्यावरच्या बुरुलआपांच्या भिंतीतून ती जुनी तार वर जाते. भिंतीवर त्यांच्या आईने भरतकाम केलेला पडदा असतो. आईची तेवढीच वस्तू उरली आहे. आपा म्हणाल्या, "भिंत तापतेय. मांजर तिथून हलत नाही."

समितीने पाहणी केली. सगळ्यांनी तळवे टेकले आणि बराच वेळ उचलले नाहीत.

"नशीब काढलंत, आपा," जुमाकादिर म्हणाले. मी लिहिलं, 'तळमजल्यावर विनाहीटर उष्णता उपलब्ध.'

आपांनी वीज कार्यालयात अर्ज दिला. निरीक्षक मेदेरबेक आले. आता पाहुणा आला की आधी जेवण, आणि मानाची जागा दारापासून सगळ्यात लांब, म्हणजे नेमकी त्या पडद्याखाली. मेदेरबेक पडद्याला टेकून बसले, मटण-शेवयांच्या दोन थाळ्या संपवल्या आणि डोळे मिटले.

"भिंत बघणार होतात ना, बाळा?"

"बघतोय, आपा. पाठीने."

शेरा पडला: 'प्रत्यक्ष स्पर्शाने तपासणी. समाधानकारक.'

गुरुवारी दुपारी पडदा धुमसला. आपांनी तो ओढून काढला, जाड लोकरी नमद्याच्या बुटांनी तुडवून विझवला. आईच्या वेलबुट्टीतून वरपासून खालपर्यंत सरळ काळी रेघ गेली होती. तार जळाली होती. पट्टीला ओरखडाही नव्हता.

तातडीची सभा मेणबत्त्यांवर झाली. "तारेने विश्वासघात केला," जुमाकादिर म्हणाले. पट्टीच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत झाला.

पडदा मांडीवर घेऊन बसलेल्या आपा माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्हाला ठाऊक होतं."

"मी सांगितलं होतं, आपा."

"सांगितलंत. आणि लिहिलंत काय?"

इतिवृत्तात या प्रश्नाला रकाना नव्हता.

तुम्ही आमच्या समितीला हसलात, हे ठीकच आहे. फक्त एक आठवून पाहा: मागच्या वेळी तुमच्या घरातला एमसीबी पडला, तेव्हा तुम्ही आधी काही बंद केलंत, की त्यालाच पुन्हा वर ढकललंत?