गळा कोठे आवळून घ्यावा

माणसाला आयुष्यात ज्या काही निवडी कराव्या लागतात, त्यांत आपला गळा कोणाकडून आवळून घ्यावा ही निवड सर्वांत गंभीर असूनही तिच्याविषयी आजवर एकही अधिकृत परिपत्रक निघालेले नाही. लग्न, नोकरी आणि गृहकर्ज यांच्या बाबतीत समाजाने काही ठोकताळे तरी बसवले आहेत (ते पाळल्याने गळा आवळला जायचा थांबत नाही, ही गोष्ट वेगळी). ब्राझिलियन जिउ-जित्सू या गळा आवळण्याच्या कुस्तीच्या बाबतीत मात्र नागरिक सर्रास घराजवळची जिम गाठतात, चपला काढतात आणि सरळ शिकायला लागतात. ही बेशिस्त खरेदी विभागातल्या तक्तेरावांना बघवत नसे.

'तक्तेराव' हे नाव त्यांना कचेरीने ठेवले होते. खुर्ची असो की खोडरबर, किमान तीन दरपत्रके मागवायची, ती तुलनात्मक तक्त्यात मांडायची, मालाचा नमुना तपासायचा आणि मगच खरेदीची शिफारस करायची, असा विभागाचा नियम. बाकीचे कर्मचारी हा नियम संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून घरी जात. तक्तेराव तो बरोबर नेत. एकदा दाढ दुखू लागली तेव्हा त्यांनी तीन दंतवैद्यांची दरपत्रके मागवली होती. तिसरे येईपर्यंत दाढ आपणहून पडली, आणि कार्यपद्धतीवरचा त्यांचा विश्वास कायमचा पक्का झाला.

अशा माणसाला गळा आवळून घ्यायची बुद्धी का व्हावी, याचे कारण इमारतीच्या लिफ्टमध्ये सापडते. एका संध्याकाळी तक्तेराव आपल्या सहावीतल्या लेकीला घेऊन लिफ्टमध्ये शिरले होते, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा फर्निचरवाला एक कपाट घेऊन दारात आला. लिफ्टमधल्या पाटीवर 'सहा व्यक्ती' असे लिहिलेले असून तीत कपाटाचा उल्लेख नाही, हे तक्तेरावांनी त्याला नीट समजावून सांगायला घेतले. त्याने शांतपणे सगळे ऐकले. मग दोन्ही काखांत हात घालून त्याने तक्तेरावांना उचलले, टपालपेट्यांपाशी नेऊन ठेवले, कपाट आत घातले आणि वर गेला. स्टूल हलवावे इतक्या सहज. चेहऱ्यावर राग असता तर निदान भांडण झाले असे म्हणता आले असते, पण तोही नव्हता.

जिना चढताना लेकीने बापाचा हात धरला, रस्ता ओलांडताना लहान मुलाचा धरतात तसा. त्या हाताने तक्तेरावांच्या जिवाला जे लागले ते उचलले गेल्यानेही लागले नव्हते. दार उघडून बायकोने विचारले, "अहो, लिफ्ट सोडून जिन्याने का आलात?" तक्तेराव म्हणाले, "काही नाही गं, फर्निचरवाल्याला जागा हवी होती. मी आपणहून बाजूला झालो." तेव्हा लेकीने हात सोडला आणि ती आत निघून गेली.

तिच्या नजरेत आपली उंची पुन्हा भरून काढायची, असे तक्तेरावांनी ठरवले. जिउ-जित्सूत लहान चणीचा माणूसही दांडग्याला लोळवतो, असे त्यांच्या वाचनात आले होते. या विद्येत ठोसे नाहीत, लाथा नाहीत. समोरच्याला जमिनीवर घ्यायचे आणि तिथे त्याला इतके घट्ट बिलगायचे की त्याला शरण यावेसे वाटेल. शरण येणाऱ्याने दोनदा थोपटले की समोरचा तत्काळ सोडतो, वर हातही मिळवतो. (ही सोय इतर कोणत्याही खात्यात उपलब्ध नाही.)

निकष ठरले. गादीच्या जाडीला वीस गुण. घामाच्या वासाला पंधरा, तेही तीव्रता आणि टिकाऊपणा असे विभागून. कोचच्या कानांना पंचवीस, कारण वर्षानुवर्षे घासले जाऊन या लोकांचे कान चुरगळतात आणि जितका कान चुरगळलेला तितका अनुभव मोठा. विनयशीलता, पार्किंग आणि 'इतर' यांत उरलेले गुण वाटण्यात आले. पहिला तास सगळ्याच जिम फुकट देतात, म्हणजे नमुना तपासायचीही सोय होती. अडचण एकच होती. तपासणी अधिकाऱ्याने स्वतः गादीवर लोळणे नियमात बसत नव्हते. म्हणून तक्तेरावांनी लेकीला गादीवर पाठवले आणि स्वतः पायांत मोजे ठेवून कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

पहिली जिम टायरच्या दुकानामागे होती. तिथे रबराचा आणि पायांचा वास गुण्यागोविंदाने नांदत होता. कोचबाई दिवसा लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करीत आणि संध्याकाळी ते पुन्हा आखडवीत. त्यांचे दोन्ही कान पूर्ण गुणांचे होते.

"या की काका तुम्हीपण," त्या म्हणाल्या.

"मी निरीक्षणासाठी आलोय."

"बरं. मग त्या खुर्चीचा एक पाय सांभाळा, डुगडुगतो."

लेक तासभर लोळली, घामाघूम झाली आणि परत येताना सारखी बोलत होती. तक्तेरावांनी 'इतर' या सदरात एक गुण वाढवला.

दुसरी जिम एका मॉलमध्ये होती. चारही भिंतींना आरसे होते आणि कोचचे कान नुकतेच वेष्टनातून काढल्यासारखे दिसत. सभासदांचा सत्तर टक्के वेळ फोटो काढण्यात जाई आणि उरलेला ते पाहण्यात. तिसऱ्या जिमच्या पत्त्यावर तक्तेराव पोहोचले तेव्हा ती बंद पडून तिथे केशकर्तनालय झालेले होते. त्यांनी तिथेही तपासणी केली (कान: निर्दोष). परंतु केशकर्तनालय तिसरे दरपत्रक म्हणून धरता येईना. दोनच दरपत्रकांवर निर्णय घेणे म्हणजे अनागोंदीला आमंत्रण, तेव्हा सारी प्रक्रिया रद्द करून फेरप्रक्रिया सुरू झाली. तोवर नमुना चालू स्थितीत राहावा म्हणून लेकीला टायरच्या दुकानामागे पाठवणे सुरू ठेवण्यात आले.

फेरप्रक्रियेत तक्तेरावांची कीर्ती वाढली. कोणता कोच पाय पिरगळण्यात तरबेज, कोणाची गादी हिवाळ्यात गार पडते, अंगरख्यासकट लढणारे आणि बिनअंगरख्याचे एकमेकांशी का बोलत नाहीत, हे सगळे त्यांना तोंडपाठ झाले. कचेरीतले लोक सल्ला विचारू लागले. त्यांच्या सल्ल्याने आवक-जावक कारकून एका जिममध्ये दाखल झाला आणि त्याला पहिली बढती म्हणून निळा पट्टाही मिळाला. एका नव्या जिमच्या उद्घाटनाला तर तक्तेराव प्रमुख पाहुणे होते. 'निवड हीच साधना' या विषयावर ते पाऊण तास बोलले आणि पहिल्या रांगेतले सहा पैलवान गळा न आवळताच आडवे झाले.

एवढ्या तयारीनिशी, लेकीला जिममधून घेऊन परतताना, लिफ्टमध्ये पुन्हा तो प्रसंग आला. या वेळी फर्निचरवाल्याकडे सोफा होता.

"सरका जरा, साहेब."

"तुम्ही मला उचललंत," तक्तेराव लेकीकडे एक नजर टाकून म्हणाले, "तर तुमचं वजन पुढच्या पायावर येईल. त्या क्षणी मी तुमच्या कोपराखालून हात..."

फर्निचरवाल्याने त्यांना उचलले. वजन पुढच्या पायावर आले. बाकी काही झाले नाही.

"काका," लेक म्हणाली, "कमरेतून वाकून नका ना उचलू. गुडघे वाकवा. आमच्या कोच म्हणतात, नाहीतर कंबर धरते."

"धरलीच आहे गं, केव्हाची," फर्निचरवाला तक्तेरावांना तसेच अधांतरी धरून म्हणाला. "कोच कसल्या?"

"जिउ-जित्सूच्या. टायरच्या दुकानामागे."

"मोठ्या माणसांना घेतात?"

"घेतात की. आधी बाबाला खाली ठेवा, मग पत्ता सांगते."

त्याने गुडघे वाकवून तक्तेरावांना खाली ठेवले. "अरे वा, नाही दुखलं," असे म्हणत तो सोफ्यासकट वर गेला, आणि दुसऱ्या दिवशी जिममध्ये दाखल झाला. त्याने एकही दरपत्रक मागवले नाही.

हितसंबंधांच्या कारणावरून तक्तेरावांनी ती जिम पत्ता विचारला गेला त्याच क्षणी तक्त्यातून बाद केली असती, पण जिन्यात लेकीने पुन्हा त्यांचा हात धरला होता. दोन मजले चढून झाले. मग त्यांनी विचारले, "तुला माझी लाज वाटते का गं?"

"उचललं म्हणून? छे! मला तर तिथे रोज उचलून आपटतात. आज मी चौदा वेळा थोपटलं." ती पुढची पायरी चढली. "तू त्या दिवशी आईला खोटं सांगितलंस ना, तेव्हा वाटली होती."

तक्तेरावांच्या घशात काहीतरी अडकले. इतक्या जिम पालथ्या घालून जे मिळाले नव्हते, ते तिसऱ्या मजल्यावर आपसूक मिळाले, आणि तेही प्रत्यक्ष गळ्याला हात न लागता. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी बायकोला सांगितले, "आज मला फर्निचरवाल्याने उचलून ठेवलं. मागेही त्यानेच ठेवलं होतं."

"ठाऊक आहे," बायको म्हणाली. "गॅलरीतून खालच्या टपालपेट्या दिसतात ना. चहा टाकू?"

त्या आठवड्यात तक्तेराव टायरच्या दुकानामागे गेले, डुगडुगत्या खुर्चीपाशी आले आणि सवयीने बसणार एवढ्यात लेक गादीवरून ओरडली, "बाबा, मोजे काढ!" त्यांनी मोजे काढले. पुढे जे झाले ते अर्ध्या मिनिटात आटोपले. लेकीने बापाला आडवे केले, छातीवर बसली आणि गळ्याभोवती हात घातले. कोपऱ्यात फर्निचरवाला टाळ्या वाजवत होता. तक्तेरावांनी दोनदा थोपटले, तिने लगेच सोडले आणि हात पुढे केला. या वेळचा हात मोठ्या माणसाशी मिळवतात तसा होता, आणि तो तक्तेरावांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

तुलनात्मक तक्ता अपूर्ण अवस्थेत दप्तरी दाखल झाला आहे. त्यामुळे गादीच्या कडेची निरीक्षकाची खुर्ची सध्या रिकामी आहे. आपला गळा सुरक्षित ठेवून इतरांची लोळण शेवटपर्यंत बसून पाहणाऱ्या आणि मध्येच एकदा 'आपल्या भागात असं काही आहे का, बघायला हवं' असे मनाशी म्हणणाऱ्या व्यक्तीची तिच्यासाठी गरज आहे. वाचकांनी इथवर मजल मारून आपली पात्रता सिद्ध केलेलीच असल्याने वेगळी मुलाखत घेतली जाणार नाही. येताना मोजे घालून यावे.