दादारावकाकांची मिल्ट्रीची दोरी

दादारावकाकांचा चष्मा, चावी, छत्री, फाटकाची कडी आणि बकरी हे सगळं एकाच जातीच्या हिरव्या दोरीनं बांधलेलं असतं. त्यात कोणतं टोक कशाचं, हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. बकरीनं मान ओढली की फाटक उघडतं, मी दुकानातून ओरडतो, "काका, कुठं निंगाले?" आणि बाहेर कुणीच नसतं.

काका आमच्या बेला गावच्या मंडल ऑफिसातले रिटायर क्लार्क. माझं किराणा दुकान त्यांच्या भिंतीला लागून. मी सूत-सुतळी विकतो, हे त्यांना सहन होत नाही. "फेक ते!" म्हणतात. "याले म्हंतेत मिल्ट्रीचा माल!"

एकदा मी विचारून बसलो, "काका, ही दोरी हाये तरी कायची?" झालं!

"अरे, पॅराशूटची! मोठ्या लढाईत सोल्जर लोक इमानातून उडी मारत. वर छत्री, खाली माणूस, मंधात हेच दोरी. उतरले का कापून घेत अन् जवळ ठेवत. तंबू बांधा, बुटाची नाडी करा, सामान आवळा. वरची खोळ सोलली का आत सात पांढरे दोरे. त्यानं फाटलं शिवा, मासे धरा!"

"पण काका, बेल्यात आपण कुठून उडी मारून राह्यलो?"

मला वाटलं, प्रश्न बरोबर आहे. त्यांना वाटलं, माणूस वाया गेला. चहूकडं कापसाची शेतं, आणि हा गृहस्थ सुताला नावं ठेवतो! आतून शांताकाकू म्हणाल्या, "लगन झालं तवा बरा होता हा माणूस."

त्याच काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला. जायच्या आधी घरी परित्राण पाठ ठेवला. यात भंतेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, गाथा म्हणतात, पाण्याच्या मडक्याला गुंडाळलेला पांढरा दोरा सगळ्यांच्या हातांतून फिरतो आणि शेवटी तोच तोडून प्रत्येकाच्या मनगटावर बांधतात. आदल्या संध्याकाळी काकांनी माझ्याकडून सुताचं रीळ नेलं. माझ्या दुकानातून सूत! मी घरी बायकोला सांगितलं, काका सुधारले.

पाठ छान झाला. भंतेजींनी दोरा तोडायला घेतला. तुटेना. बोटाला गुंडाळून हिसका दिला, बोट लाल झालं, दोरा तसाच. एका पाहुण्यानं दात लावून बघितले आणि गाल धरून बसला. आम्ही सगळे एकाच दोऱ्याला धरून बसलेलो, उठता येईना, बसवेना. मी दोरा निरखून बघितला आणि डोक्याला हात लावला. मिल्ट्रीच्या दोरीच्या पोटातले दोरे, गाठी मारून जोडलेले!

काका शांतपणे कात्री घेऊन आले. "कापा, बांधा, अन् टोक मोमबत्तीवर धरा, उसवत नाई." मग एकेक मनगट मोमबत्तीपाशी, घरभर नायलॉनचा वास, "जळलं ना बाप्पा!" अशी ओरड. काकू छातीला हात लावून हसत होत्या. मला मात्र काही उमगेना. घरात नवं रीळ असताना हा उपद्व्याप काऊन?

लोक गेल्यावर मी काकांना अंगणात गाठलंच. "काका, रीळ काय केलं माझं?"

"हाये तसंच. थोडं ओढून पाह्यलं, तुटलं." ते आत बघून हळू बोलले. "मागच्या पाठाचा सुताचा दोरा तिच्या हातात झिजला. भांडे घासता घासता तुटला. दुसऱ्या दिवशी ती चक्कर येऊन पडली."

"काका, त्याचा काय संबंध?"

"काईच नाई! मले काय समजत नाई का? जनमभर लोकायले सांगत आलो, गंडादोरा मानू नका म्हनून. आजबी मानत नाई." ते थांबले. "पन आता तिच्या हातातला तुटला नाई पायजे, बस. तिच्याबिगर मले घरात उभंबी राहवत नाई रे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला इकडंतिकडं बघत राहिलो.

"तुह्या हातातली गाठ ढिली हाये," ते एकदम खेकसले. "दे इकडं हात."

मी हात पुढं केला. काकांनी गाठ सोडली, पुन्हा मारली. सुटली. पुन्हा मारली. आख्ख्या बेल्याला गाठी शिकवणाऱ्या माणसाला त्या दिवशी काही केल्या गाठ बसेना. मी हात तसाच पुढं धरून उभा राहिलो.