पपईची वकिली

पारखी गुरुजी झाडांना 'अहो' म्हणायचे. पोरांना 'अरे', हेडमास्तरांना 'सर', आणि शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाला 'अहो'! पान उलटून दाखवायचं असलं की आधी चपला काढायचे, टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, "जरा तसदी देतो हं." वर झाड काय म्हणतंय ते ऐकायला क्षणभर थांबायचेसुद्धा! मी नगरची, जिभेनं तिखट. कर्जत तालुक्यातल्या त्या गावात माझी पहिलीच नेमणूक. या गृहस्थांचा एक स्क्रू ढिला आहे, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

पण शिकवायचे मात्र झकास. "गुरुजी, झाडाला घाम येतो का?" असं एका मुलीनं विचारलं, तर म्हणाले, "मला काय विचारतेस? त्यांना विचार." हे त्यांचं पालुपद. सकाळी लिंबाच्या पानांनी भरलेल्या डहाळीवर कोरडी काचेची बरणी चढवली आणि तोंड फडक्यानं आवळून बांधलं. दुपारी बघतो तर बरणीच्या आत थेंब! अख्खा वर्ग त्या थेंबांकडे बघत सावलीत उभा, वारा मंद, आणि गुरुजी डोळे अर्धवट मिटून स्वतःशीच हसताहेत. घंटा वाजवायचं शिपायालाही सुचलं नाही. ते दुष्काळाचं साल होतं. कुंपणाला लागून राहणारी शेवंताबाई पलीकडून ओरडली, "गुर्जी, समद्या लिंबाला बरन्या बांधा की! टँकरची वाट तरी बघाया नगं!"

पाण्याचे खरंच हाल होते. शाळेच्या आडात नुसता गाळ. मास्तर लोकांना हातपाय धुवायला तांब्याभर पाणी मिळायचं, ते गुरुजी कोपऱ्यातल्या पपईला घालायचे. त्या पपईला लांब देठांवर फुलांचे झुबके लोंबायचे, संध्याकाळी गोड वास सुटायचा, पण फळ म्हणाल तर एक नाही. कुंपणापलीकडची शेवंताबाईची पपई मात्र लेकुरवाळी. शेवटी हेडमास्तरांनी सांगून टाकलं, "शनिवारी शाळा सुटली की हे झाड तोडा."

माझी जीभ कसली गप्प बसतेय! "बरंच झालं," मी म्हटलं, "त्या वांझोट्या झाडाला कशाला हवंय पाणी?"

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. तांब्या खाली ठेवत ते म्हणाले, "बाई, तो शब्द तेवढा नका वापरू." मग हेडमास्तरांकडे वळले. "सर, तोडण्याआधी मला एक तास द्या. मुलांना त्यांची ओळख करून देतो."

शनिवारी सगळी शाळा पपईभोवती. शिपाई कुऱ्हाड घेऊन बाजूला उभा. गुरुजींनी चपला काढल्या, खाली पडलेलं एक फूल उचललं, नखानं हलकेच उकललं. आत पिवळी पूड. "हे पराग. हे झाड नर आहे. नराला फळ धरत नाही, त्यात त्याचा काही गुन्हा नाही." मग दुसरं फूल उकललं, शेवंताबाईच्या पपईचं, जाडसर. "हे मादीचं. हिच्या पोटात फळाचा गाभा आहे. संध्याकाळी पतंग येतात, इथले पराग तिकडे नेतात, तेव्हा तिकडे फळ धरतं. फळ दोघांचं असतं, मुलांनो. एकट्या झाडाला नावं ठेवायची नाहीत. कुणाचं काय आहे, ते आधी नीट बघायचं."

कुंपणावर हनुवटी टेकून शेवंताबाई ऐकत होती. "आं? म्हंजी माझ्या पपईचा मालक ह्यो व्हय?"

पोरं खो खो हसली. ती मात्र पदर खोचून सरळ आवारात आली. "खबरदार कुऱ्हाड लावाल तर! आजपासनं याला माझ्या घरचं पानी." हेडमास्तरांनी शिपायाला हात केला, आणि कुऱ्हाड आल्या वाटेनं परत गेली.

मला काही चैन पडेना. दिवेलागणीला माफी मागायला गेले, तर गुरुजी पपईजवळच्या दगडावर बसलेले. वास दरवळत होता. फुलांवर पतंग थरथरत होते.

"गुरुजी, माझं चुकलं," मी म्हटलं.

"तुमचं नाही हो." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्या मंडळींना, मालतीला, सगळं गाव त्याच शब्दानं ओळखायचं. बारसं नाही, डोहाळजेवण नाही, कुणी बोलवायचं नाही. नगरला डॉक्टरांनी आम्हा दोघांना तपासलं होतं. दोष माझ्यात निघाला. येताना एसटीत मालती म्हणाली, कुणाला सांगू नका, तुम्हाला हसतील. आणि मी खरंच नाही सांगितलं. वर्गात वर्षानुवर्षं पराग शिकवले, अन् घरी तोंडाला कुलूप. ती गेली, तरी तो शब्द तिच्याच नावावर राहिला."

मी एवढी तिखट जिभेची बाई, पण मला रडूच आलं.

गुरुजी उठले. दगडाशी प्यायच्या पाण्याचा तांब्या होता, तो बुंध्याशी रिता केला. वाटलं, आता नेहमीसारखं 'अहो, येतो हं' म्हणतील. पण ते फुलांकडे बघत अगदी हळू म्हणाले, "ऐकलंस ना गं मालती? आज बोललो मी. पपईच्या आडून का होईना, सगळ्यांसमोर."

आणि नेहमीसारखे, उत्तरासाठी थांबले.