टेबल क्रमांक सात

पत्रक लिहावं तर मीच! ही बढाई नाही, बावीस वर्षांचा अनुभव आहे. पक्षाच्या कार्यालयात माझी जागा जिन्याखाली, त्यामुळे कोणता पुढारी वर गेला हे मला नुसत्या बुटांच्या आवाजावरून कळतं. निवडणूक जिंकलो तर 'जनतेचा कौल', हरलो तर 'जनतेची दिशाभूल', आणि काहीच धड कळत नसेल तर 'पक्ष परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहे'. तिन्ही मसुदे निकालाच्या आदल्या दिवशीच तयार असतात. म्हणून तर कार्यालयात सगळे मला मसुदेराव म्हणतात. माझं खरं नाव पगार देणाऱ्यालाही आठवावं लागतं.

आमच्या पुढाऱ्यांची एक पद्धत आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं महाभारत त्यातूनच घडलं. पत्रक बाहेर जाण्याआधी अध्यक्ष, सरचिटणीस आणि उमेदवार अशा तिघांनी ते वाचायचं, असा नियम आहे. तिघंही वाचत नाहीत. तिघंही फक्त आपलं नाव शोधतात, ते कुणाच्या आधी आहे आणि कुणाच्या नंतर हे बघतात, आणि सही करतात. मधल्या मजकुरात मी धोब्याची यादी लिहिली असती तरी गेली असती!

तर निकालाचा दिवस. आमचे उमेदवार दातांचे डॉक्टर, आणि त्यांच्या या एका जागेवर सभागृहातलं बहुमत अडलेलं. दुपारी दोनला निकाल आला. सत्तावीस मतांनी हरलो! सत्तावीस म्हणजे काय हो, डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळी तेवढी माणसं गाल धरून बसलेली असतात.

वर बैठक सुरू झाली. अध्यक्षांचं म्हणणं, हा निकाल मानायचाच नाही. सरचिटणीसांना आम्ही 'तूर्तास' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. त्यांचं म्हणणं, तूर्तास निकाल मानू नये, पण फेटाळूही नये, आणि तूर्तास कुणी खिडकीत उभं राहू नये. डॉक्टर एका कोपऱ्यात बसून चुलत्यांची, मेव्हण्यांची मतं बोटांवर मोजत होते आणि हिशेब जुळला नाही की पुन्हा पहिल्या बोटावर येत होते. खाली अंगणात पत्रकार ताटकळलेले. साडेतीनला अध्यक्षांनी जिन्यातून मला हाक मारली, "मसुदेराव, मोजणीत घोळ झाला असं काहीतरी लिहा. पण दमदार लिहा."

आता दमदार म्हणजे काय, हे या धंद्यात मलाच विचारावं! 'मोजणीत घोळ झाला' असं कुणीही लिहितं, आणि ते कुणीही वाचत नाही. आरोपाला पत्ता लागतो. क्रीडा संकुलाच्या सभागृहात मोजणीची चौदा टेबलं होती एवढं मला ठाऊक होतं. टेबल क्रमांक एक म्हणावं तर बनावट वाटतं. चौदा म्हणावं तर शेवटचा आकडा सुचला म्हणून टाकला असं वाटतं. मी सरळ मधला उचलला आणि लिहिलं, 'टेबल क्रमांक सात येथे मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांत संशयास्पद फेरफार झाल्याचे पक्षाच्या निदर्शनास आले आहे.' लिहून झाल्यावर मीच खूश झालो. तिघांनी आपापली नावं पाहिली आणि सह्या केल्या.

पत्रक गेलं चार वाजता. साडेचारला क्रीडा संकुलाच्या फाटकावर दोनशे माणसं जमली. पाचला ती दोन हजार झाली, आणि सगळी एकच ओरडत होती, "सात नंबर बाहेर काढा!" कार्यालयातल्या टीव्हीवर ते बघताना मी शिपायाला म्हटलंसुद्धा, की याला म्हणतात लेखणीची ताकद. तेवढ्यात टीव्हीत संकुलाचं मागचं दार उघडलं. दोन महिला पोलीस एका बाईला धरून गाडीकडे नेत होत्या. बाईच्या डोक्यावर कुणीतरी फायलीचा पुठ्ठा धरला होता, कारण दगड येत होते. बाईच्या काखेत जेवणाचा डबा होता, निळ्या झाकणाचा. तो डबा सकाळी मी भरला होता.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. शिक्षकांना मोजणीला बोलावतात, तसं तिलाही बोलावलं होतं, पण नदीपलीकडच्या मतदारसंघात. सकाळी ती तिकडेच गेली होती. इकडचं एक माणूस चक्कर येऊन पडलं म्हणून साडेसातला तिला उचलून इकडे आणलं आणि रिकाम्या खुर्चीवर बसवलं, ती नेमकी टेबल सातची. मोबाइल फाटकावरच काढून घेतात, तेव्हा मला कळवणार कशी? एकोणीस वर्षांची नोकरी, कधी एक दिवस उशीर नाही, आणि पुढच्या सत्रापासून ती मुख्याध्यापिका होणार होती. तसं पत्रही आलं होतं. आता ते सगळं माझ्या एका आकड्यावर टांगलेलं होतं. खुर्चीतून उठताना डोकं जिन्याच्या पायरीवर आपटलं, तेही मला नंतर कळलं.

धावत वर गेलो आणि अध्यक्षांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, आणि खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर लोक छातीवर सातचा आकडा लिहून नाचत होते. अध्यक्ष म्हणाले, "आपण कुणाचं नाव घेतलंय का? नाही ना? मग वहिनींना काळजी करू नका म्हणावं. आता सात मागे घेतला, तर त्याच्याबरोबर पक्षही मागे जाईल."

मी हार मानणाऱ्यातला नाही. तिथेच बसून खुलासा लिहिला, की पक्षाचा आक्षेप कुणा एका टेबलाबाबत नसून एकूण मोजणीबाबत आहे. पण नेमका याच वेळी सरचिटणीसांना पत्रक वाचायची सुबुद्धी झाली! ते म्हणाले, तूर्तास लोकांना गोंधळात टाकू नये, आणि माझ्या वाक्यात आपल्या हातानं दुरुस्ती केली. छापून आलं ते असं: 'पक्षाचा आक्षेप केवळ टेबल क्रमांक सातपुरता मर्यादित नाही.' म्हणजे सात पक्कं झालं, वर आणखी तेरा टेबलांच्या घरी दगड जाण्याची सोय झाली.

पोलिसांच्या गाडीनं तिला सहा वाजता घरी सोडलं. मी दारातच उभा होतो. तिच्या कपाळावर पट्टी होती. तिनं चप्पल काढली, डबा घासायला टाकला, हात धुतले आणि खुर्चीत बसली. आमच्या घरात पक्षाची पत्रकं कोण लिहितो हे काही गुपित नव्हतं. मी चहा ठेवला. साखर दोनदा घातली. कप तिच्यापुढे ठेवला. शेवटी तिनंच विचारलं.

"सातच का?"

"मधला आकडा म्हणून," मी म्हटलं.

तिनं कप उचलला. मग म्हणाली, "आठवर एक नवी मुलगी होती. सातवा महिना आहे तिला. तिला नसतं सोसलं." आणि तिनं तो दुप्पट साखरेचा चहा न कुरकुरता पिऊन टाकला. तिनं भांडी आपटली असती, मला घराबाहेर काढलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी विजयी पक्षाचं पत्रक आलं. मी आशेनं उघडलं. म्हटलं, हे तरी म्हणतील की टेबल सात निर्दोष आहे. छे! त्यांचं म्हणणं, टेबल सातवर खरोखरच गडबड झाली, पण ती त्यांच्याविरुद्ध; नाहीतर ते तीनशे मतांनी जिंकले असते. ज्या दोन पक्षांचं आयुष्यात कधी 'आज वार कोणता' यावरही एकमत झालं नव्हतं, त्यांचं माझ्या बायकोवर एकमत झालं. आमच्या घराच्या फाटकावर कुणीतरी लाल रंगानं भला मोठा सात काढून गेलं. मी घासला, तर तो गुलाबी झाला आणि आणखी लांबून दिसायला लागला.

तिसऱ्या दिवशी फेरमोजणी झाली. तेरा टेबलांवर कुठे दोन, कुठे पाच मतांची चूक सापडली. टेबल सातवर एकही नाही! प्रत्येक गठ्ठा बरोब्बर पन्नासाचा, प्रत्येक चिठ्ठीवर सही. मी कार्यालयात अक्षरशः टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी अहवालावर बोट ठेवलं आणि विचारलं, बाकी सगळीकडे चुका आणि इथेच एकही नाही, हे संशयास्पद नाही का? सरचिटणीस म्हणाले, तूर्तास आहे. डॉक्टर चार मतांनी आणखी मागे गेले होते, त्यामुळे त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

पुढे आठवडाभरात पुढाऱ्यांचं मिटलं. कसं मिटलं हे मला जिन्याखाली कळलं नाही, पण डॉक्टरांना कसल्याशा समितीचं उपाध्यक्षपद मिळालं, दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला, आणि 'लोकशाहीच्या व्यापक हितासाठी' निकाल मान्य असल्याचं पत्रक मीच लिहिलं. तक्रारी दोघांनीही मागे घेतल्या. फक्त शिक्षण खात्यानं हिच्यावर जी चौकशी लावली होती, ती मागे घ्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

चौकशीच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तुम्ही येऊ नका. चौकशी अधिकारी म्हणालेत, हाती काहीच नाही, आज बंद करून टाकतो." मला वाटलं, बिचारी मला वाचवतेय. असं कसं चालेल? मीही एक मर्द माणूस आहे! चांगला शर्ट घातला, मनातल्या मनात भाषण तयार केलं, आणि ती गेल्यावर दहा मिनिटांनी मागोमाग निघालो. आयुष्यात एकदा तरी खरं बोलायचं आणि बायकोला सोडवून आणायचं, असं ठरवलं होतं.

खोलीत एक लांब टेबल, एक पंखा आणि चष्मा पुसत बसलेले चौकशी अधिकारी. फाईल खरंच बंद होत आली होती. तिची नाडीसुद्धा अर्धी बांधली होती. मला बघून बायकोनं मान हलवली. नको म्हणून हलवली होती, पण मी ती 'या' अशी घेतली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: ते पत्रक माझं, सात हा आकडा माझ्या डोक्यातला, या बाईंचा काडीचा दोष नाही, शिक्षा करायची तर मला करा.

अधिकारी मनापासून हेलावले. म्हणाले, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. माझा जबाब लिहून घेण्यासाठी त्यांनी पेन उघडलं, आणि सहज विचारलं, "म्हणजे आपण उमेदवाराच्या पक्षाच्या नोकरीत आहात?"

"बावीस वर्षं!" मी छाती काढून सांगितलं.

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी नाडी सोडली, नियमांचं पुस्तक मागवलं आणि हळू आवाजात वाचून दाखवलं. पक्षाच्या नोकरीत असलेल्याच्या घरचं माणूस त्याच पक्षाच्या उमेदवाराच्या मोजणीला बसू शकत नाही. म्हणूनच तर तिला नदीपलीकडे नेमलं होतं. त्या सकाळी इकडे आणल्यावर तिनं हे मोजणीच्या साहेबांना तोंडी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, 'बसा हो बाई, माणूस कमी आहे.' आता ते साहेब म्हणत होते, असं काही आठवत नाही. लेखी तर काहीच नव्हतं. हिनं चौकशीत नवरा 'कारकून' एवढंच सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी येईपर्यंत कुठला कारकून, हे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी आदेश आला. टेबल क्रमांक सातवरील नेमणूक नियमबाह्य. संबंधित शिक्षिका सेवेतून निलंबित. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर कवायतीचे मास्तर बसले.

त्याच दुपारी अध्यक्षांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद! म्हणाले, "मसुदेराव, आपण पहिल्यापासून सांगत होतो, सात नंबरवर गडबड आहे. शेवटी सत्य बाहेर आलं. स्वागताचं एक छान पत्रक काढा." मी म्हटलं, साहेब, ती माझी बायको आहे. ते म्हणाले, म्हणून तर सौम्य शब्दांत काढा.

नोकरी आता घरात एकच उरली होती. मी स्वयंपाकघरात बसून लिहिलं. हिनं भाजी चिरायची थांबवून कागद ओढून घेतला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.

"हे 'संबंधित शिक्षिका' काढा," ती म्हणाली. "नाव घाला माझं. नाहीतर तिथे बसलेल्या सगळ्या बायकांकडे लोक बघत राहतील."

मी नाही म्हणालो. तिनं पेन माझ्यापुढे सरकवलं आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. मग घातलं तिचं नाव. पुढे आडनाव लिहावं लागलं, ते माझंच होतं.